पानाचा आकडा

२०१७च्या खरिपात वडवणी तालुक्यातल्या कपाशीची पानं मी तपासायला आणली. बियाणं खरंच बीटी आहे का, एवढंच शेतकऱ्यांना हवं होतं. मी हौसेनं पुढे जाऊन पानातलं क्राय१एसी हे अळीनाशक बीटी प्रथिन किती, तेही एलायझानं मोजलं.

पहिली चूक शेतातच झाली. हाताला लागली ती शेंड्याची कोवळी पानं तोडली आणि पिशवीत कोंबून बर्फाशिवाय आणली. मलूल पानात प्रथिन तुटू लागतं.

दुसरी चूक प्रयोगशाळेत. एलायझाच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. त्यांच्या तळाला चिकटवलेलं प्रतिपिंड नेमकं हवं ते प्रथिन धरतं, त्यावर विकर जोडलेलं दुसरं प्रतिपिंड बसतं आणि रंग उमटतो. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. पण हे ज्ञात प्रमाणांच्या आलेखाच्या आतच खरं. माझे बरेच नमुने आलेखाच्या वर गेले होते. अर्क पातळ करून पुन्हा मोजायला हवा होता. किट महाग, खळगे संपलेले. संगणकानं रेघ पुढे ओढून दिलेला आकडा मी वहीत उतरवला.

तिसरी चूक तोंडाची. ‘‘प्रथिन भरपूर आहे, काळजी करू नका,’’ असं मी सांगून टाकलं.

पण मी मोजलं होतं पान, आणि कपाशीवरची शेंदरी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते. क्राय१एसी पानात सर्वाधिक, हिरव्या बोंडाच्या सालीत फार कमी, आणि पीक जून होईल तसं घटत जातं, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५मध्येच छापलं होतं. मी ते वाचलंही होतं. शिवाय तोवर क्राय१एसी आणि बीटी कपाशीतलं दुसरं प्रथिन, या दोन्हींना ही अळी दाद देईनाशी झाली होती. एलायझा प्रथिन मोजते. अळी मरते का, हे अळीला ते खाऊ घालूनच कळतं.

माझ्या शब्दावर एका शेतकऱ्यानं कामगंध सापळे लावले नाहीत, अळी लागलेल्या डोमकळ्या वेचल्या नाहीत. वेचणीला आला तो कवडी कापूस. ‘‘ताई, बियाणं तर चांगलं म्हणला होतात,’’ एवढंच ते म्हणाले. बियाणं चांगलंच होतं, आणि तेवढंच सांगून मी थांबायला हवं होतं.

आता अहवालात पान कितवं, पीक किती दिवसांचं, अर्क किती पातळ केला, हे लिहिते. शेवटी एक ओळ ठरलेली: या आकड्यावरून फवारणीचा निर्णय घेऊ नये.