कंसातला व्यत्यय

बॅरिस्टर नाथ पै यांना ऐकण्याचे भाग्य आम्हांला लाभले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात ते निवर्तले, तेव्हा आम्ही जेमतेम रांगत असू. सेमिनरीत प्रवचनकला शिकविणाऱ्या एका वयोवृद्ध गुरुजनांनी मात्र या खासदाराचे नाव वारंवार घेतले, आणि लोकसभेच्या चर्चेचे जुने खंड चाळण्याचा नाद आम्हांस जडला. (ब्रेव्हिअरीपेक्षा हेच खंड अधिक उघडले जातात, असा आरोपही झाला.)

राजापूरने त्यांना १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून दिले. पक्ष प्रजा समाजवादी, सभागृहात मूठभर. पण खंडांतून ज्यापाशी आमचे मन अडखळले ते त्यांचे १९६७ चे खासगी विधेयक. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितले होते, की मूलभूत हक्कांचा संकोच संसदेस करता येणार नाही. नाथ पै यांना तो अधिकार संसदेस परत हवा होता. लोक सार्वभौम, म्हणून त्यांचे प्रतिनिधीही समर्थ, ही त्यांची निष्ठा.

आता, अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क देणारे कलम ३० हे मूलभूत हक्कांतच येते, आणि आमच्या धर्मग्रामाची शाळा त्याच कलमाच्या आधाराने उभी आहे. ज्यांच्या वाणीवर आम्ही लुब्ध, तेच आमच्या दाराची कडी बहुमताच्या हाती देऊ पाहत होते! विधेयक मंजूर झाले नाही; त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेस दिला. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली, पण घटनेच्या मूलभूत चौकटीस हात लावू नका, असे बजावले. तो याचिकाकर्ता केरळातील एका हिंदू मठाचा प्रमुख. त्याचे ऋण आमच्या शाळेवरही आहे. नाथ पै आम्हांला आजही पटलेले नाहीत.

त्या खंडांत भाषणाच्या मध्येच कंसात ‘व्यत्यय’ अशी नोंद येते. वक्त्याला त्यातून वाट काढावी लागते. आमच्या प्रवचनात व्यत्यय नसतो. गेल्या पावसाळ्यात मात्र शाळेच्या हक्कांविषयी आम्ही बोलत असताना मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. “फादर, हा हक्क आपल्या गरिबांच्या पोरांसाठी, की फक्त इमारतीसाठी?” त्यांच्या नातवाला प्रवेश मिळाला नव्हता.

“मिस्सा चालू आहे,” असे म्हणून आम्ही त्यांना बसविले.

पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्तात त्या प्रश्नाची नोंद नाही. परवा आम्ही वही मागवून ती स्वहस्ते केली, तारखेसह. उत्तराची जागा कोरी आहे. प्रवेशाची यादी घेऊन या रविवारी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी जाणार आहोत.