स्टिअरिंग कुणाच्या हातात?

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद, सॅक डिकीत आणि आम्ही चौघी एक्स्प्रेस-वेवर, मुंबईहून पुण्याला. गाडी मैत्रिणीची, दोन महिन्यांची, कोरी करकरीत. लोणावळ्याला चहा झाला आणि तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

'टेन्शन घेऊ नकोस गं. क्रूझ लावलं की पुढच्या गाडीशी अंतर स्वतःच राखते, लेनसुद्धा सोडत नाही. तू नुसती बस.'

बसले. पहिली पाच मिनिटं लर्निंग लायसन्सवालीसारखी, ताठ. दहाव्या मिनिटाला खांदे सैल. पंधराव्या मिनिटाला मोबाइल थरथरला. 'उद्या सकाळपर्यंत लेख पाठव.' मी खाली बघितलं. 'ओके' टाइप केलं. वर एक स्मायलीही शोधायला लागले, बोला!

'अगं, ट्रक!'

मान वर केली तर डावीकडचा ट्रक इंडिकेटर न देता आमच्या लेनमध्ये. समोर लाल दिवा, कानात बीप-बीप, गाडी गचकन हळू झाली. ट्रक आपल्याच तंद्रीत पुढे निघून गेला. वेफर्सचा पुडा सांडला, एवढंच नुकसान. पण एक प्रश्न काही पिच्छा सोडत नाही. तो ब्रेक गाडीने लावला की मी? खरं सांगते, मला माहीत नाही.

ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण २८ मीटर जाते. माझा 'ओके' तीन सेकंदांचा धरा. म्हणजे ८० मीटरहून जास्त अंतर गाडी नेमकी कुणी चालवली?

हाच प्रश्न अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. १८ मार्च २०१८ ची रात्र, अ‍ॅरिझोनातलं टेम्पी शहर. उबरची स्वयंचलित गाडी टेस्टिंगसाठी रस्त्यावर होती. सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला तिची धडक बसली आणि ती महिला गेली. ड्रायव्हरच्या सीटवर लक्ष ठेवायला म्हणून नेमलेली ऑपरेटर होती. तिच्या मोबाइलवर त्या वेळी टीव्ही शो चालू होता, असं तपासात निघालं.

म्हणजे चूक तिची, विषय संपला? थांबा. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीच्या सेन्सर्सनी पुढे काहीतरी आहे हे टिपलं होतं. सॉफ्टवेअरला मात्र ते काय आहे हे ठरवता येईना. कधी वाहन, कधी 'इतर', कधी सायकल. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडतो, हे त्याला शिकवलंच नव्हतं! (आपल्या दादर स्टेशनबाहेर दुसरं काय होतं?) मूळ व्होल्वो गाडीतली आपोआप ब्रेक लावायची सोय स्वयंचलित मोडमध्ये बंद ठेवलेली. आधी गाडीत दोन ऑपरेटर असायचे, तिथे एकीवर आलेलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये ऑपरेटरच्या दुर्लक्षाबरोबर कंपनीच्या सुरक्षेतल्या ढिलाईवरही बोट ठेवलं. पण फौजदारी खटला चालला तो फक्त ऑपरेटरवर. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

तिची बाजू घ्यायची नाहीये मला. पण काहीच करायचं नाही, फक्त जागं राहून बघत बसायचं, हे किती अवघड असतं? जेवणानंतरच्या दोन तासांच्या प्रेझेंटेशनला बसलेल्या कुणालाही विचारा.

फिनिक्समध्ये वेमोची ड्रायव्हर नसलेली टॅक्सी २०२० पासून सामान्य लोकांना मिळते. तिथे प्रवाशाने मागच्या सीटवर खुशाल झोपावं. आपल्या नव्या गाड्यांमधली सोय वेगळी. तिला म्हणतात लेव्हल टू. म्हणजे हात-पाय मदतीला गाडीचे, डोळे आणि जबाबदारी तुमची. शोरूममध्ये पहिला अर्धा भाग जोरात सांगतात, दुसरा मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतो. कायद्याला मात्र दुसराच अर्धा कळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग आहे. 'साहेब, क्रूझवर होती' असं सांगून पोलीस काका हसतील फक्त.

मी टेक्नॉलॉजीवर रुसलेली नाही. त्या संध्याकाळी कदाचित तिनेच आम्हा चौघींना वाचवलं. पण तिच्या जिवावर मी तीन सेकंद निर्धास्त झाले, म्हणूनच तर वाचवायची वेळ आली ना?

बाबांनी मला जुन्या मारुतीवर शिकवलं. बाजूच्या सीटवर त्यांच्याकडे ब्रेक नव्हता, तरी सारखा पाय दाबायचे. मला हसू यायचं. आता कळतं, गाडी मी चालवत होते, पण लक्ष दोघांचं होतं.

रविवारी परतताना पुन्हा मीच चालवली. क्रूझ लावलं होतंच. मोबाइल मात्र मागे मैत्रिणीच्या पर्समध्ये. कामशेतच्या बोगद्यापाशी तो थरथरला.

'बघू का कोण आहे?'

'नको,' मी म्हटलं. 'पनवेल येऊ दे.'