मुक्तागिरीहून परतताना

दिवाळीच्या सुटीत मुक्तागिरीच्या 52 मंदिरांचे दर्शन घेऊन परतताना चांदूर बाजारजवळ स्नेह्यांच्या संत्राबागेत आम्ही थांबलो. नातवंडांना तिकिटाच्या उद्यानांची सवय. येथे धुऱ्यावरच्या आंब्याला बांधलेला झोका आणि लगोरीपुरती मोकळी जागा त्यांना पुरली. आंबिया बहाराने लवलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू होते. ते हलू नयेत म्हणून मुले आपणहून वाकून धावत होती. बँकेत असताना कर्जाच्या पाहणीसाठी अशा कितीतरी बागांतील झाडे मी मोजली. सावलीत बसलो मात्र कधीच नाही. मुलगा खेळायच्या वयाचा होता, तेव्हा मी वसुलीच्या दौऱ्यावर असे. सोबतचा डबा सूर्यास्तापूर्वी उरकायचा होता. तरी नातीने आणखी एक डाव मागितला. मी लगोरी रचू लागलो.