ह्यांचा गोल्फ, माझी बादली

आमच्या घरात गोल्फ शिरला तो ह्यांच्या साहेबांमुळे. दर रविवारी सकाळी येरवड्याच्या मैदानावर जायचं. दोन महिने हौसेने गेले. मग एकदा चेंडूवर जोरात काठी फिरवली आणि कमरेत अशी उसण भरली, की घरी आले ते दोघांच्या खांद्यांवर हात टाकून!

सासूबाई शेकायला बसल्या, मुलं दबक्या पावलांनी वावरू लागली, मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. खरं सांगू? मला थोडा रागच आला. तीन वर्षं माझीही कंबर दुखतेय. शाळेत फळ्यासमोर उभं, घरी ओट्याशी उभं, त्यात ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर न्यायची. पण बाईच्या कमरेचं दुखणं बारमाही. त्याचं कौतुक कोणाला? आणि मी तरी कुठे कुणाला सांगितलं होतं?

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "एक-दोन दिवस जपा, पण अंथरूण धरू नका. पडून राहिलं की स्नायू आणखी दुबळे होतात. झेपेल तेवढं चाला." पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र तडक यायचं, हेही बजावलं.

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गोल्फच्या फटक्यात अंगाला पीळ बसतो आणि कंबरेवर ताण येतो. टायगर वुड्ससारख्या खेळाडूलाही २०१७ साली मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागली. २०१९ मध्ये तो पुन्हा मोठी स्पर्धा जिंकला. मी सहज बोलून गेले, "बादली उचलून वळताना मलाही अशीच चमक येते."

बाई हसल्या. "म्हणजे तुम्ही रोजच गोल्फ खेळता की!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "कधीपासून? मला बोलली नाहीस ती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी दोघांनाही धडे मिळाले. वाकायचं ते गुडघ्यांत, ओझं अंगाशी धरायचं, वळताना कंबर न पिळता पावलं वळवायची. भरलेल्या एका बादलीऐवजी दोन अर्ध्या न्यायच्या. ओट्याशी एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवायचा. रोज अर्धा तास चालायचं. उताणं निजून, गुडघे दुमडून, कंबर सावकाश उचलायची. ह्यांना खेळ सुरू करतानाही आधी अंग मोकळं करायचं, मग जवळचे हलके फटके, लांबचे सगळ्यात शेवटी.

माझं दुखणं अगदी गेलं असं नाही. पण आता दुखलं की मी सांगते. आणि मैत्रिणींनो, रविवारी मैदानावर निघण्यापूर्वी दोन्ही अर्ध्या बादल्या हेच गच्चीवर नेतात. साहेबांना सांगितलंय म्हणे, "आमचा वॉर्म-अप घरीच होतो!"