शिरपामाळाखालच्या पाड्यावर

जव्हार गावाबाहेरचा शिरपामाळ. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांना शिरपेच देऊन गौरवले आणि माळाला नाव मिळाले, असे इथे सांगतात. सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ ची, म्हणजे तळ ऐन थंडीतला. आज माळावर स्मारक आहे. संध्याकाळी गाड्या येतात, फोटो निघतात, अंधार पडायच्या आत बहुतेक जण परततात. मुक्कामामुळे नाव मिळालेल्या जागी मुक्काम मात्र कुणी करत नाही. रात्र काढायची तर खाली पाड्यावर, कुणाच्या तरी घरात.

*

घराच्या भिंती कारवीच्या, वरून शेणमातीचा गिलावा. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्या वाळलेल्या काटक्या उभ्या बांधल्या की कूड तयार होतो. गिलाव्याला एका जागी बोटभर भेग होती, तिथून काटक्यांचे पेर दिसत होते. बाहेर एप्रिलचे ऊन, आत जमिनीला पाय टेकले की गार. शेजारी सरकारी घरकुल उभे आहे, पक्क्या भिंतींचे. दुपारी त्यात बसवत नाही, म्हणून घरची माणसे जुन्याच घरात पडतात.

*

धुराबद्दल थोडे सविस्तर. शहरातल्या पाहुण्याची पहिली तक्रार धुराची असते, आणि बाईमाणसाच्या डोळ्यांना आणि छातीला तो वाईटच. पण या घराचा बराचसा जीव त्या धुरावर आहे. चुलीवरच्या माळ्यावर मक्याची कणसे आणि काकडीचे बी टांगलेले; धुरामुळे त्याला कीड लागत नाही. वासे काळे, चकचकीत झालेले. बांबूला भुंगा लागू नये म्हणून वेगळे काही करावे लागत नाही.

जपानमधल्या शिराकावा-गो खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या घरांचेही असेच. जमिनीत खोदलेली चूल, तिला इरोरी म्हणतात, आणि वर उतरते, जाड गवती छप्पर. धुराने गवत आणि दोर टिकतात. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. आज यांतल्या काही घरांत पाहुणे रात्रीला राहतात आणि घरातल्यांच्या हातचे जेवतात. छप्पर बदलायचे तर सारा गाव सावडीने लागण्याची रीत आहे.

*

त्याच खोऱ्यातल्या ओगिमाची गावाने १९७१ मध्ये ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. जागतिक वारशाचा मान १९९५ चा, म्हणजे निर्णय आधी गावाचा, कौतुक नंतर जगाचे. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. जव्हार-मोखाड्यात आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. तो कायदा नसता तर या उतारांवर आज रिसॉर्टच दिसली असती. पाड्यावरचा मुक्काम हवा तर पाडा पाड्यावरच्यांचाच राहायला हवा.

*

जेवण: नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. नागलीचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवले नाही तर भाकरी थापताना चिरते. घरची मावशी हात पाण्यात बुडवून तळव्यावरच भाकरी फिरवत होती, परातीला जेमतेम हात लागत होता. खुरासणी तव्यावर तडतडली, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटली गेली. काळी, तेलकट, किंचित कडवट. एवढ्यावर पोट भरते.

*

"ताई, पाणी पुरवून वापरा." हंडा लांबून आलेला. बाजूच्या मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला, मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. मी मुंबईत नळ सोडते तेव्हा हेच डोंगर पाणी देतात, आणि धरणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन विहिरीची वाट चालतात. एका बादलीत अंघोळ आटोपणे हे पाहुण्याचे उपकार नव्हेत.

*

आतल्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाचा चौक. थोरल्याच्या लग्नातला. अर्धा धुराने झाकला गेला आहे, पुन्हा काढायचा तो धाकट्याच्या लग्नात. डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही वारली चित्रे कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमध्ये निगाता प्रांतातल्या तोकामाची इथे, एका जुन्या शाळेत, मिथिला संग्रहालय आहे. वारली चित्रकार तिथे राहून काम करून आले आहेत. पाहुण्यांच्या खोलीसाठी म्हणून काढलेली वारली चित्रेही मी पाहिली आहेत, हात सुंदर असतो. पण लग्नाचा चौक पाहुण्यासाठी नसतो, आणि तो तसाच राहावा.

*

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. जव्हारजवळ वाळवंड्यात ग्रासरूट्स या ग्रामीण पर्यटन संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन पाहुण्यांची सोय उभी केली. माझ्या मते अशा कामाचे माप एकच: दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांतले किती जण घरी थांबले. पाड्यावर या दिवसांत कुलूप लागलेली घरे आहेत. म्हातारी माणसे आणि मुले दिसतात, मधल्या वयाची फार थोडी. पाऊस तोंडावर आला की बाकीची परततील, तोवर राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, तयारी मागे राहिलेल्यांच्याच अंगावर.

*

पाहुण्यांना स्वच्छ संडास हवा, याबद्दल माझे दुमत नाही. तो घरच्यांनाही हवा. फरशी, गरम पाण्याचा शॉवर, खोलीत टीव्ही यांची गरज नाही.

*

पहाटे मोहाखाली टोपल्या. फुले रात्रीतून गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरे खातात. मागच्या वाडीत मोगरा. त्याच्या कळ्याही उन्हाआधीच खुडायच्या. उमलल्या तर भाव पडतो, आणि दादरच्या बाजारात जाणारी गाडी थांबत नाही. चहा करून झाकून ठेवलेला होता. पाहुण्यांना उठवत बसायला कुणाला सवड नाही; ज्याला बघायचे असेल त्याने पाचला उठावे आणि एक टोपली हातात घ्यावी.