अम्मीचा रिमोट

अब्बांना फोटो काढून घेणं आवडत नसे. त्यामुळे ते गेल्यावर आमच्याकडे त्यांचा एकच व्हिडिओ उरला. माझ्या मुलीला 'अलिफ, बे' शिकवतानाचा, अकरा मिनिटांचा. तिनेच मोबाईल कपाटाला टेकवून घेतलेला. अम्मीला मोबाईलवर नीट दिसत नाही. "बडी टीव्हीपे दिखा ना," ती म्हणाली.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आवाज आला, चित्र नाही. अम्मी काळ्या पडद्यासमोर अब्बांचा आवाज ऐकत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

गंगाखेडच्या दुकानात आधी काडीसारखं स्ट्रीमिंगचं यंत्र दाखवलं. त्याला सुरुवातीलाच वाय-फाय आणि खातं लागतं. राणीसावरगावात आमच्या घरी नेट मोबाईलपुरतंच, तेही कधी आहे कधी नाही. मग अँड्रॉइड बॉक्स. तो पेनड्राइव्ह चालवतो, पण चालू केला की पडद्यावर ॲपची जत्रा. अम्मी त्यात हरवली असती.

घरी येऊन चित्र न दिसण्याचं कारण शोधलं. एमपी-४ ही नुसती पेटी असते. आतला व्हिडिओ वेगवेगळ्या पद्धतीने बांधलेला असतो. बरेच नवे मोबाईल जागा वाचवायला एच.२६५ वापरतात. आमच्या जुन्या टीव्हीला एच.२६४ एवढंच कळतं. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने लॅपटॉपवर फाईल बदलून घेतली. चित्र आलं. एक पैसा खर्च झाला नाही.

पण टीव्हीच्या मेनूत शिरून फाईल गाठायला सहा वेळा बटण दाबावं लागे. दर वेळी अम्मी कुणाला तरी हाक मारायची आणि हळूहळू तिने हाक मारणंच सोडलं. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

शेवटी छोटा मीडिया प्लेअर घेतला. मागे एचडीएमआय, बाजूला यूएसबी, नेटची गरज नाही. घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासल्या: चालू करताच व्हिडिओ आपोआप सुरू होतो का, आणि लाईट गेली तर जिथे थांबला तिथूनच पुढे चालतो का. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यात मावत नाही, हेही तेव्हाच कळलं. मी उर्दूचा शिक्षक, म्हणून फाईलला हौसेने उर्दूत नाव दिलं. पडद्यावर नुसते चौकोन उमटले. मग नाव दिलं '१'. रिमोटवरच्या नको त्या बटणांवर चिकटपट्टी लावली. व्हिडिओच्या आणखी दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवल्या, कारण पेनड्राइव्हचा काय भरवसा!

काल शाळेतून आलो तर दारातूनच अब्बांचा आवाज ऐकू आला. अम्मी एकटीच बसली होती. "किसने लगाके दिया?" मी विचारलं.

"मैंच लगाई," ती म्हणाली आणि मला गप्प बसायची खूण केली.