तीन पाट

रविवारपासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी.

रद्दी द्यायला गेले होते. येताना तिथल्याच ढिगातलं एक पुस्तक घेऊन आले. 'गेम्स पीपल प्ले', लेखक एरिक बर्न, साल 1964. नुसतं चाळायला म्हणून उघडलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. डाळीचा लगदा झाला, पण मी उठले नाही! बर्न हा कॅनडात जन्मलेला, अमेरिकेत नाव काढलेला मानसोपचारतज्ज्ञ. माणसं एकमेकांशी नकळत ठरावीक चालींचे खेळ खेळत राहतात, असं तो सांगतो. आणि त्यानं सगळ्यात आधी उलगडलेला खेळ कोणता? एक जण अडचण सांगतो. दुसरा म्हणतो, अमुक करून बघ ना. पहिला म्हणतो, "हो, पण..."

हो, पण! अहो, हा तर धाकट्या बहिणीचा रोज रात्री साडेनऊचा फोन!

"अगं, दुसरी बाई बघ."

"हो गं ताई, पण मिळतेय कुठे?"

"मग पोळ्या बाहेरून घे."

"हो, पण ह्यांना बाहेरच्या चालत नाहीत."

"त्यांनाच लाटायला लाव की मग!"

"हो, पण..."

पाचव्या सल्ल्यानंतर माझी बोलती बंद. बर्नच्या मते खेळ त्या गप्प होण्यासाठीच असतो. सल्ला हवाच कुणाला असतो? आपलं कोडं भल्याभल्यांना सुटत नाही, एवढं दिसलं की झालं. म्हणजे सगळं तीच करते तर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तो दोन तास टिकला.

कारण पुढे शोधता शोधता भेटला बर्नचा विद्यार्थी, स्टीफन कार्पमन. त्यानं 1968 मध्ये एक त्रिकोण मांडला. तीन टोकांवर तीन भूमिका. माझ्या भाषेत तारणहार, बिचारा आणि छळवादी. गंमत अशी, की खेळात उतरलेला माणूस एका टोकावर राहत नाही, फिरतो. कार्पमननं उदाहरण दिलंय हॅमेलिनच्या बासरीवाल्याचं. उंदीर घालवतो तेव्हा तारणहार, ठरलेले पैसे बुडतात तेव्हा बिचारा, मग गावाची पोरं घेऊन जातो तेव्हा छळवादी. माणूस तोच, बासरीही तीच!

मी माळ्यावरून तीन पाट काढले, पुसले आणि हॉलमध्ये मांडले. (ह्यांनी विचारलं, "कोण येणारंय जेवायला?") तारणहाराच्या पाटावर मी ऐसपैस बसले. बिचारीच्या पाटावरही सवयीनं बसले. 'एवढं केलं सगळ्यांसाठी, कुणाला किंमत नाही' हे वाक्य तिथं आपोआप तोंडात आलं. तिसरा पाट बहिणीसाठी ठेवला होता. म्हटलं, तिच्या जागेवर बसून बघू.

आणि तिथून मी दिसले.

भाच्याचा अकरावीचा फॉर्म मी भरला होता. कॉलेजांचा क्रम मी ठरवला, त्याला न विचारता, तिला न विचारता. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?" तीन वर्षं मी हा कृतघ्नपणाचा किस्सा भिशीत रंगवून सांगतेय. तिच्या पाटावरून मात्र दिसत होती पट्टी हातात घेतलेली, समोरच्याचं वाक्य कधीच पुरं न ऐकणारी एक बाई. मग काय, रांगच लागली. ऑफिसातली ज्युनिअर, सोसायटीचा हिशेब, नणंदेचं डोहाळजेवण... दरवेळी न मागता मदत, मग रुसवा, मग टोमणा. माणसं बदलली, मी तीच!

खरोखर संकटात सापडलेल्याला हे लावायचं नाही. बुडणाऱ्याला हात द्यायचा, पाट मांडत बसायचं नाही. आणि वाटही आहे. 1990 मध्ये एसी चॉय यांनी याच त्रिकोणाचा निरोगी जोडीदार मांडला. त्यात तारणहारानं काळजी करणं सोडायचं नाही. मदत मागेपर्यंत थांबायचं आणि समोरचा स्वतः विचार करू शकतो, हे धरून चालायचं. वाचायला सोपं आहे हो!

सोमवारी साडेनऊला फोन आला. पोळ्यांची बाई पुन्हा आली नव्हती. मी म्हटलं, "मग तू काय करायचं म्हणतेस?"

पलीकडे चिडीचूप. मग हळूच, "ताई, बरं नाहीये का तुला?"

नंतर ती वीस मिनिटं बोलली. दोनदा मी जीभ चावली. तिसऱ्यांदा सल्ला निसटलाच, पण एकच! आणि तिनं 'हो' म्हटल्यावर मी श्वास रोखून 'पण'ची वाट पाहिली. तो आला नाही.

पाट अजून हॉलमध्येच आहेत, ह्यांना दोनदा ठेच लागली. तुमच्याकडे पाट नसतील तर उशा घ्या, पण आज रात्रीच मांडा. ज्याच्याशी वाजतं त्याच्या जागेवर मात्र सगळ्यात शेवटी बसा. आधी बसलात तर लगेच उठाल.